बाजूच्या सीटवर

हमरस्त्यावरच्या चार्जिंग स्टेशनात दातांच्या डॉक्टरीणबाई बसल्या होत्या. शेजारच्या बाकावर एक निवृत्त बस ड्रायव्हर आणि त्यांची सून बोलत होते.

“बाबा, पाय दुखतोय ना?”

“छे! कशाने दुखेल?”

“सकाळपासून वळण आलं की ब्रेक दाबताय. तुमच्या बाजूला ब्रेकच नाहीये.”

“सवय गं. त्यात तुझ्या गाडीला आवाज नाही. चाललीय की उभी आहे, कळायला नको?”

“मग चालवता का थोडी?”

“डोळ्यांनी दगा दिला, म्हणून तर तुझ्या हवाली झालो. पण घाटात तू...”

“काय चुकलं माझं?”

“चुकली असतीस तर गप्प बसलो असतो का? सगळा उतार ब्रेकला पाय न लावता उतरलीस.”

“पाय उचलला की ही गाडी आपोआप हळू होते, बाबा. बॅटरीही भरते.”

“गाडीचं कौतुक राहू दे. वळणं तू घेतलीस.”

डॉक्टरीणबाईंची गाडी केव्हाच भरली होती, पण त्यांचा पाय निघेना.

“झाली बघा आपली. निघू या?”

“चल. मी मागे बसतो.”

“रागावलात?”

“अगं, आजवर दुसऱ्याच्या गाडीत माझा डोळा लागला नाही. आता जरा पडतो म्हणतो.”

“आणि रस्ता कोण बघणार?”

“तूच बघ, पोरी. पोचलो की उठव.”