औषधाच्या ड्रमाची भट्टी

विट्याच्या स्टँडवर गाडीची वाट बघणाऱ्या चारुशीलाच्या पुढं उभी असलेली बाई वेल्डरवर कडाडली.

"गुंडाभाऊ, माझ्या फूड ट्रकवर मटण धुरवायची भट्टी तुमी फवारणीच्या औषधाच्या ड्रमापासनं केली?"

"धुतला हुता की, संयोगिताताई."

"आठ तास मटण त्याच धुरात ऱ्हाणार! त्यात औषध उतरणार न्हाई व्हय?"

"पत्रा लय जाड हाय. काय हुत न्हाई."

"मग उद्या पहिलं ताट तुमच्या श्रद्धाला वाढते."





"पोरीला नको, ताई."

"आन् लोकांच्या पोरींना चालतंय?"

आटपाडीची गाडी लागली. चारुशीला चढली. ती दोघं मात्र खालीच राहिली.

"चला, ट्रकवरनं भट्टी उतरवा."

"आत्ता?"

"आत्ता. आन् माझ्या डोळ्यांदेखत त्यो ड्रम कापा."