करवंदीचं कुंपण

लँडस्केप आर्किटेक्चर शिकून पुढे करतात काय, हे मला अजूनही लोक विचारतात. मी सांगते, बिल्डरकडे नोकरी, महापालिकेची उद्यानं, नाहीतर कॉलेजात शिकवणं. माझी सुरुवात मात्र फुलचोरांपासून झाली.

विश्रांतवाडीतल्या एका सोसायटीची बाग हे माझं पहिलं स्वतंत्र काम. चेअरमन काका म्हणाले, "पहाटे कोणीतरी पूजेसाठी सगळी जास्वंद तोडून नेतं. हात पोचणार नाही अशी बाग करा." मी जास्वंदीभोवती काटेरी करवंदीचं कुंपण आखलं. मीटिंगमध्ये कमिटीच्या सातही जणांनी माना डोलावल्या.

संध्याकाळी काकांचा फोन आला. "अहो, कुंपणात एक हात जाईल एवढी फट ठेवता येईल का? आमच्या हिला देवाला फुलं लागतात. कोणाला बोलू नका."

मग सेक्रेटरींचा आला, मग खजिनदारबाईंचा. आठवड्याभरात सातही फोन येऊन गेले. मी सात फटी ठेवल्या आणि गप्प बसले.

पुढच्याच महिन्यात शेजारच्या सोसायटीचं काम मिळालं. माझं नाव चेअरमन काकांनीच सुचवलं होतं. तिथल्या कमिटीला ते म्हणाले, "डिझाइन ठीक आहे, पण मुलगी कुठे बोलत नाही."