कासवाखालचा नारळ

(समजा, तुम्ही मालवणच्या धक्क्यावर उभे आहात. डोळे मिटू नका, नाहीतर वाचणार कसे? सकाळ आहे. कोळंबीचा, इथल्या बोलीत सुंगटांचा, ट्रॉलर नुकताच धक्क्याला लागला आहे आणि त्याच्या फळ्यांवर जाळ्यातून निघालेलं एक मोठं कासव पडलं आहे. बोटीचा तांडेल बाबली आणि त्याची मुलगी संचिता त्याच्याकडे बघत आहेत. बाबलीची आई यशोदा कुंकू-नारळाचं ताट घेऊन आली आहे. आता ऐका.)

संचिता : मगे ता हलना कसा नाय?

बाबली : दमला आसात.

यशोदा : बाबल्या, ह्या ताट घे. कुंकू लाव, नारळ फोड आणि सोड दर्यात. देवाचो अवतार तो. बोटीर ठेवचो नाय.

बाबली : ताच करतंय, आये.

संचिता : थांबा बाबा. ता श्वास घेना नाय.

बाबली : दर्यात गेला काय घेतला.

संचिता : पाण्यात श्वास कोण घेता?

बाबली : मासे.

संचिता : ह्या काय मासो आसा?

यशोदा : मासो नाय गो, देव.

संचिता : देव पण नाक वर काढून श्वास घेता. देवबागाच्या दर्यात कासवा बघलंव ना आपण? जाळ्यातसून वर कसो येतलो? जाळा कधी टाकलेलात?

बाबली : काळोखात.

संचिता : आणि ओढलात?

बाबली : उजाडल्यार.

संचिता : तवसर ता श्वास धरून होता?

बाबली : माका काय ठाऊक? माझ्याशी बोलला नाय ता.

यशोदा : बडबड पुरे. बोटीर मेला तर आख्खो सीझन गेलो.

संचिता : आणि दर्यात मेला तर?

बाबली : तर आमका दिसाचा नाय.

संचिता : आजये, गेल्या वर्सा मी खाडीत पडलंय, तेव्हा काय केलास?

यशोदा : आठवण काढू नको ती. बाबल्यान तुका वर काढल्यान, पालथा घातल्यान, पाठ चोळल्यान.

संचिता : कुंकू लावलास?

यशोदा : खुळा काय गो तू?

संचिता : नारळ फोडून परत खाडीत सोडलास?

यशोदा : ...बाबल्या, ताट खाली ठेय.

बाबली : आये, लिलाव सुरू होतलो. बर्फ पाणी होता.

यशोदा : होवंदे.

बाबली : बरा. सुंगटा उतरापर्यंत ठेवतंय. मगे जिता असो नायतर मेला, सोडतलंय.

संचिता : मागची बाजू उंच करूक होयी, पोटातला पाणी भायर येवक. पाठीर ओला गोणपाट घाला. नाकार नको.

बाबली : ह्या कोणी शिकवल्यान तुका?

संचिता : शाळेत वनखात्याची माणसा इल्ली. तुमका पण बोलवलेल्यानी.

बाबली : मी दर्यात होतंय तेव्हा.

संचिता : तुमी घराक झोपलेलात.

यशोदा : घोरत होतो तो.

बाबली : ...झाला. सुंगटा उतरली. आये, नारळ दी.

यशोदा : ताटात आसा.

बाबली : ताटात कुंकू आसा. नारळ नाय.

संचिता : कासवाखाली आसा.

बाबली : खंय?

संचिता : शेपटीखाली. उंच करूक दुसरा काय गावला नाय.

बाबली : काढ तो.

संचिता : काढूचंय नाय. नारळ नाय तर पूजा नाय, पूजा नाय तर सोडूचा नाय. नियम आजयेचो.

यशोदा : माझोच आसा खरो.

बाबली : देवाच्या नारळार शेपूट ठेवतत?

यशोदा : शेपूट पण देवाचाच मरे. तुझा काय जाता?

बाबली : ...गोणपाट सुकला. बादली खंय आसा?

संचिता : तुमच्या मागे.

यशोदा : बाबल्या, ऐकलंस? फुस्स झाला.

बाबली : वारो.

संचिता : वारो डोळो उघडता?

यशोदा : माझ्याकडे बघता गो ता! कुंकू घेवन ये, बेगीन!

बाबली : धरा. हळू. सोडा... गेला. मागे वळून पण बघूक नाय.

यशोदा : देव खंय मागे बघता? फोड आता नारळ.

बाबली : फोडलो. घे बाये, खोबरा खा. सांजेक परत जावचा आसा माका.

संचिता : बाबा, ती माणसा सांगी होती, जाळ्याक एक दार बसवतत. कासव थयसून भायर जाता.

बाबली : सुंगटा पण जातत.

संचिता : सगळी?

बाबली : थोडी.

संचिता : मगे?

बाबली : बघूया.

यशोदा : संचू, बघूया म्हणान तुझ्या बापाशीन घराचा छप्पर तीन पावसाळे तसाच ठेवलेल्यान.

बाबली : आये, संचू खंय गेला धावत?

यशोदा : घराक.

बाबली : रागावला?

यशोदा : माका नाय वाटना. ह्या बघ, इला.

बाबली : आता दुसरो नारळ कित्याक गो? पूजा झाली.

संचिता : पूजेचो नाय ह्यो. बोटीत ठेवा, पुढच्या कासवाच्या शेपटीखाली. दार बसवलात काय परत घेवन या, सोलकढीक होतलो.