हडळीचा डावा पाय

हाडांच्या डॉक्टरांकडे नंबर लागायचा होता. हात प्लास्टरमध्ये असलेला एक तरुण शेजारी बसलेल्या काकूंना सिनेमा समजावत होता.

“त्यातली हडळ डावा पाय ओढत का चालते, माहितीय? जिन्यावरून ढकलून मारलेलं असतं तिला. आम्ही फॅन लोकांनी शोधून काढलंय.”

“काहीतरीच! गुडघा दुखतो तिचा.”

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“तिचा झगा मी शिवलाय. नटीच्या मापाचा कागद हरवला, म्हणून स्वतःच्याच मापाने शिवला. तिला तो होईना. शूटिंग खोळंबलं. शेवटी मलाच घातला आणि म्हणाले, चढा जिना.”

“काकू, थापा मारू नका हं.”

काकूंचा नंबर पुकारला. त्या उठल्या आणि डावा पाय ओढत दाराकडे निघाल्या.

“अरे बापरे! तीच चाल! काकू, एक सेल्फी!”

“थांब, आधी गुडघा दाखवून येते. दुसऱ्या भागात मला पळायचंय.”