प्राणी चावला होता का?

टोकन सत्तेचाळीस. चपला बाहेर काढा. अंजनगावची गाडी सुटली असेल. कोणीतरी संत्रं सोलतंय.

अमरावतीच्या दवाखान्यात शेजारच्या बाकावर सासू-सून, जमुनाबाई आणि रागिणी, अवयवदानाचा फॉर्म भरत होत्या. आत जमुनाबाईंचा मुलगा, रागिणीचा नवरा श्याम होता; अपघातानंतर मेंदू मृत, श्वास यंत्रावर.

"आत्याबाई, 'प्राणी चावला होता का?' असं इचारलं आहे."

"नाही लिही."

"कुत्रं चावलं होतं न त्याईले, दिवाळीच्या आधी."

"बाबाजीनं उतरवलं न ते. सव्वा महिना कोणाले सांगाचं नाही म्हणे, नाही तं इख परत चढते."

"सव्वा महिना कवाचा झाला."

"मंग आता काहून उकरून राहिली वं?"

"सुई कोठं घेतली त्याईनं? डॉक्टरीण म्हणे, रोग अंगात दबून असला तं किडनीसंगं दुसऱ्याच्या अंगात जाते. मंग तो वाचत नाही."

"अन् सांगतलं तं?"

"तं घेणार नाहीत."

"म्हणजे माह्या लेकाचं काहीच जितं राहणार नाही?"

"नाही, आत्याबाई."

"एका पोरीले किडनी लागन म्हणत होती न ते डॉक्टरीण."

"तिची मायबी अशीच बसली असन कोठं तरी."

"लिही मंग. वाचून नको दाखवू मले."

"सही तुमचीबी लागते."

"कोठं करू? दिसून नाही राहिलं."

कुत्रं चावलं त्या दिवशी श्याम सुई घ्यायला अकोल्याला निघाला होता. जमुनाबाईंनी गाडी बाबाजीकडे वळवायला लावली.