सत्तेचाळिसावा ठिपका

...नाही, पण मला एक सांगा, माणसाला खिंडार म्हणतात का? तोंडावर? सकाळी आठला, हातात अर्धं उकडलेलं अंडं असताना? "ए खिंडार, टोपी घाल, ऊन लागेल." "खिंडार, पाणी भरून घेतलंस का?" प्रेमानं म्हणतात हो, तेच तर वाईट. रागानं म्हणाले असते तर एकाला तरी ठेवून दिली असती.

या वाद्यपथकात बोलायची रीतच ती. दीडशे पोरं उन्हाळाभर बसनं गावोगाव फिरतात, शाळांच्या व्यायामशाळेत जमिनीवर झोपतात, आणि दिवसभर मैदानावर आपापल्या ठिपक्यावरून, म्हणजे ठरवून दिलेल्या जागेवरून, पुढच्या ठिपक्यावर वाजवत चालतात. त्यातला एक गळाला की रांगेत जी जागा उरते, ती खिंडार. मग तीनच गोष्टी करता येतात. तसंच ठेवायचं, नाहीतर कोणी आणून भरायचं, नाहीतर बाजूच्यांना सरकवून बुजवायचं. तर मी काही वादक म्हणून आलो नाही, तुम्हाला सांगतो, मी खिंडारात टाकायची माती म्हणून आलो.

खिंडार माझ्या भावाचं. ग्रेडनचं. चौथा मोठा ढोल. एकवीस पूर्ण, म्हणजे शेवटचा उन्हाळा, त्यापुढे इथे घेत नाहीत. जूनच्या शेवटी दोन दिवस आईला भेटायला घरी आला, जाताना माझे मोजे घालून गेला, नवे होते हो, मी लगेच फोन केला, उचलेना, पुन्हा केला, उचलेना, मग व्हॉइसमेलवर तोंडाला येतील त्या शिव्या घातल्या, चांगल्या दोन मिनिटांच्या, आणि तोवर महामार्गावर त्या ट्रकनं... जाऊ दे. मोजे परत दिले इस्पितळातल्यांनी. पिशवीत घालून. धुऊन.

बुधवारी पुरलं त्याला. गुरुवारी मी कामावरून, टायरच्या दुकानातूनच कुडाझसरांना फोन लावला. हे ढोलांचे गुरुजी. म्हटलं, त्याची जागा मी घेतो. म्हणाले, "बाळ, तुला लिहिलेलं संगीत वाचता येतं?" म्हटलं, नाही, मला लिहिलेलं पत्रसुद्धा धड वाचता येत नाही, दहावीत शाळा सोडली मी. "मग येतं काय?" म्हटलं, सर, अकरा वर्षं पातळ भिंतीच्या पलीकडे झोपलोय मी, तो उशीवर वाजवायचा, मला सगळं येतं.  मग म्हणाले, "रविवारी तीनपर्यंत बघतो. जमलं तर उभा राहशील. नाहीतर बुजवतो."

बुजवतो म्हणजे काय, कळलं ना? उरलेले चार ढोल जवळजवळ सरकणार. ऑगस्टमध्ये शेवटच्या स्पर्धेला वीस हजार माणसं बघायला बसतील आणि त्यातल्या एकालाही कळणार नाही की इथे कोणी उभं असायचं. आई म्हणाली, "एक गेला, आता तूही त्यांच्यातच चाललास?" मी फोन ठेवला. आमच्यात फोन ठेवायची सवयच आहे.

तर ग्रेडनची वही माझ्या गळ्यात. पानापानावर एकेक ठिपका, कुठल्या रेषेपासून किती पावलं, सगळं त्याच्या त्या कोंबडीच्या पायांच्या अक्षरात. सेहेचाळीसपर्यंत मी सुतासारखा सरळ चालतो, विचारा कोणालाही. सत्तेचाळिसाव्या पानावर ठिपका आहे, आणि खाली लाल शाईनं लिहिलंय, "वळून बघितलंस की मेलास."

स्वतःसाठीच लिहिलेलं असणार. पण वाचतोय मी ना?

तिथे होतं काय, की आम्ही पाच ढोलवाले मागे न बघता सोळा पावलं उलटे चालतो, आणि पाठीमागून बारा मोठे पितळी भोंगे, म्हणजे ट्यूबा वाजवणारे, धावत येतात आणि आमच्या मधल्या फटींतून आरपार निघून जातात. फट केवढी? न्हाणीघराच्या दाराएवढी. तुम्ही अर्धं पाऊल रेंगाळलात की फटीच्या जागी तुम्ही. माझ्या पाठीमागून येतो तो ओटिस. सहा फूट चार इंच, खांद्यावर अख्खा बंबाएवढा भोंगा, आणि इतका नम्र की भीती वाटावी. पहिल्याच दिवशी जेवताना शेजारी येऊन बसला. "भावा, एक विनंती होती. थांबू नकोस. कारण मला थांबता येत नाही." आणि आपलं अर्धं सँडविच माझ्या ताटात ठेवलं. तेराव्याला जेवू घालतात तशा चेहऱ्यानं. इथे सगळे एकमेकांना भावाच म्हणतात. दिवसातून शंभरदा. आणि मी शंभरदा वळतो.

म्हणून तर जमेना ना. सत्तेचाळीस आला की मान आपोआप मागे. मान मागे गेली की पाऊल चुकलं, पाऊल चुकलं की वर मचाणावरून कुडाझसर कर्ण्यातून, अगदी शांतपणे, "अजून एकदाच."

तुम्हाला सांगतो, यापेक्षा खोटं वाक्य मी आयुष्यात ऐकलं नाही. शुक्रवारी सकाळी अजून एकदाच, शुक्रवारी दुपारी अजून एकदाच, ओक्लाहोमाचं ते ऊन, डांबर मऊ झालेलं, कातडी पट्ट्यानं सोललेली, ढोल ग्रेडनच्या उंचीचा म्हणजे माझ्या हनुवटीला लागतो, आणि अजून एकदाच. संध्याकाळी भोंग्याची कड बसली खांद्यावर. मी आडवा. ओटिस वाकून, "माफ कर भावा. सांगितलं होतं." सर वरून, "उठता येतंय का? मग अजून एकदाच."

शनिवारी इमानी आली बर्फाची पिशवी घेऊन. ही पहिल्या ढोलावर, आमची म्होरकी.

"तू ओटिसला घाबरत नाहीस," म्हणाली.

"मग काय त्याच्या प्रेमात पडलोय?"

"तू मागे बघतोस, कारण तुला वाटतं तिथे तो असेल."

"कोण तो?"

"खांदा धर सरळ. माहितीय तुला कोण."

मी म्हटलं, "तुझा ढोल सगळ्यात लहान, म्हणून तोंड एवढं मोठं का गं?" ती हसली नाही. म्हणाली, "पहिल्या दिवशी तुझ्या भावानं हेच विचारलं होतं." आणि पिशवी तिथेच टाकून गेली. अशा वेळी माणसानं काय करायचं? बर्फ वितळेपर्यंत बसलो.

रविवार. अडीचलाच आभाळ पिवळं पडलं, मार उतरताना कातडी पडते तसं. वारा बंद. तारेवर बसणारे ते काळे पक्षी, सकाळपासून डोकं खाणारे, एक नाही. स्वयंपाकाच्या गाडीवरच्या बायकांनी झाकणं लावून टाकली. सरांनी आभाळ बघितलं, घड्याळ बघितलं, मला बघितलं. "ढग पोचायच्या आत. अजून एकदाच." आणि या खेपेला, तुम्हाला सांगतो, पहिल्यांदाच ते खरं वाटलं.

सुरू झालं. त्रेचाळीस, चव्वेचाळीस, आधीचे सगळे बरोबर, हात आपोआप चाललेत, भिंतीपलीकडून ऐकलेले, पंचेचाळीस, लांब कुठेतरी गडगडलं, सेहेचाळीस, आणि उलटी पावलं सुरू, एक दोन तीन, मागून बूट येतायत, जमीन कळते हो पायाला, मान म्हणते वळ, मी म्हणतो नाही, मान म्हणते एकदा, एकदाच बघ, असेल, आणि मी दात आवळून इमानीच्या टोपीकडे बघतोय, पहिला भोंगा गेला, दुसरा, कानाशी गरम पितळेचा वास, मी मोजतोय, दहा, अकरा, ओटिस बारावा, गेला, कोपराला नुसता वारा लागला.

आणि मग मागून अजून एक गेला.

बाराच आहेत ते. जेवणाच्या रांगेत मोजलेत मी. तेरावा कोणी नाहीच. आभाळ आलं होतं, वाऱ्याची झुळूक असेल. मी वळून बघितलं नाही. सोळाव्या पावलाला ठिपक्यावर उभा, बरोब्बर, चुन्याची फुली दोन बुटांच्या मध्ये.

कर्ण्यातून सर म्हणाले, "स्वच्छ. शाबास, ग्रेडन."

 सरांनी कर्णा तोंडापासून बाजूला घेतला, पण निघालेला शब्द कुठे परत घेता येतो? आणि इथला नियम असा, की मचाणावरून ज्याचं नाव येईल त्यानं हात वर करायचा, ऐकलं म्हणून, आणि तो हात दिसेपर्यंत दीडशेतल्या एकानंही ठिपका सोडायचा नाही. दोन महिने घोटून घेतलेला नियम. कोणी हलेना. इमानी समोर बघतेय. ओटिस समोर बघतोय. गावातला वादळाचा सायरन वाजायला लागला, पहिले टपोरे थेंब ढोलावर पडायला लागले, आणि सगळे आपले उभेच, हात दिसायची वाट बघत.

आता मला सांगा, मी काय करायचं होतं?

केला वर.