टीसीसाहेबांनी घेतलेली तोंडी परीक्षा

वडील : 'बहुतेक' चालणार नाही. पुन्हा सांग.

लेक : बाबा, बहुतेक पित्ताशयाला सूज –

वडील : बाबा नाही, सर म्हण! आणि परत बहुतेक? तीस वर्षं गाडीत तिकिटं तपासली मी. 'बहुतेक काढलंय' म्हणणाऱ्याला पुढच्या स्टेशनावर उतरवायचो.

लेक : मलाही मागच्या वेळी उतरवलंच की. लेखीत पहिली, तोंडीत नापास! सर्जन व्हायला निघालेली बाई उत्तर देताना चाचपडते म्हणे. परवाच्या तोंडीतही पुन्हा तेच झालं, तर मी हा नादच सोडून देईन.

वडील : सोडतेय मोठी! सरळ बस. पुढचं कार्ड. पुरुष, वय अडुसष्ट. जांघेत गाठ.

लेक : कधीपासून?

वडील : सहा महिने. आडवं पडलं की आत जायची. कालपासून जात नाही.

लेक : दुखतं?

वडील : खोकलं की जीव जातो. मोजे घालताना तर विचारूच नकोस.

लेक : उलटी?

वडील : सकाळी एकदा. नळ सोडून केली, घरात ऐकू जाऊ नये म्हणून.

लेक : हर्निया अडकलाय. आतड्याचा रक्तपुरवठा तुटला तर काही तासांत ते सडायला लागेल. तोंडाने काही द्यायचं नाही, सलाईन लावायचं, आणि ऑपरेशन आजच.

वडील : शाब्बास! कुठे अडखळली नाहीस. पैकीच्या पैकी! फक्त... आजच का? परवा संध्याकाळी नाही चालणार?

लेक : परवा संध्याकाळी का?

वडील : असेल पेशंटची काही अडचण.

लेक : कार्ड दाखवा.

वडील : परीक्षकाकडे कुणी कार्ड मागतं का?

लेक : द्या इकडे. यावर थायरॉइड लिहिलंय, बाबा.

वडील : तुझं अक्षर! मला काय लागतंय ते?

लेक : थट्टा पुरे. डॉक्टर मुलगी घरात, आणि सहा महिने तोंडातून ब्र नाही?

वडील : तुझा अभ्यास चालला होता गं. म्हटलं, तुझी परीक्षा होऊन जाऊ दे. पण आज जरा घाबरलो.

लेक : तो चहा खाली ठेवा. आधी खाली ठेवा! गाडी बोलावते. वाटेत आमच्या सर्जन मॅडमना फोन करते.

वडील : आणि परवाचं?

लेक : परवाचं परवा बघू. चपला मी घालते, वाकू नका.

वडील : ऑपरेशन तू करणार ना?

लेक : नाही. मॅडम करतील. मी बाहेर बसेन.

वडील : का? सगळं तर येतंय तुला.

लेक : तुमच्यावर सुरी चालवायला गेले तर हात थरथरेल माझा.

वडील : आत्ता इतकं घडाघडा बोललीस, तेव्हा नाही थरथरला तो!

लेक : टेबलाखाली होता, बाबा.